प्रकाशवर्षाचे अँगस्ट्रॉम करताना

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात लांबीच्या एककांचा एक तक्ता असतो. खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले सरासरी अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर. प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, आणि पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे. त्याच तक्त्याच्या खालच्या अंगाला अँगस्ट्रॉम असतो, मीटरचा एक हजार कोटीवा भाग, आणि त्याहूनही लाखपटीने लहान फर्मी, ज्यात अणुकेंद्रांची मापे सांगतात. हा तक्ता हाती असला की शाळकरी मुलगाही एका प्रकाशवर्षाचे अँगस्ट्रॉम करू शकतो. उत्तर ९.४६ गुणिले १०चा २५वा घात. घातांकांची एक बेरीज केली की गणित सुटते आणि विषय संपला असे वाटते. माझ्या मते खरा विषय तिथून पुढे आहे. या रूपांतरात एक मोठे विधान गृहीत धरलेले आहे: अणूच्या पोटात जी लांबी आपण मोजतो आणि दोन दीर्घिकांच्या मध्ये जी लांबी मोजतो, ती एकाच पट्टीने मोजलेली आहे. हे विधान कोणी हुकूम काढून खरे करू शकत नाही. ते मोजून सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी जवळजवळ दीड शतक खर्ची पडले आहे. मधल्या काळात हे रूपांतर अनेकदा चुकले. तेव्हा गुणाकार बिनचूक होते, चूक एका पट्टीला दुसरी जोडताना झाली होती.

कोष्टक अचूक असणे आणि माप अचूक असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपल्याच परंपरेतल्या एका उदाहरणावरून दिसते. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘लीलावती’च्या सुरुवातीलाच मापांची कोष्टके आहेत. आठ यवोदरांचे एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात, चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक क्रोश आणि चार क्रोशांचे एक योजन. जवाच्या दाण्याच्या जाडीपासून निघून ग्रहगणितात लागणाऱ्या मापापर्यंत नेणारी ही साखळी आहे, आणि एका योजनात ६१,४४,००० यवोदरे बसतात हा हिशेब कुठेही चुकत नाही. आता याच परंपरेतले पृथ्वीच्या व्यासाचे आकडे पाहा. आर्यभटांच्या मते तो १,०५० योजने, सूर्यसिद्धांतात १,६००, आणि स्वतः भास्कराचार्यांकडे १,५८१ योजनांहून किंचित जास्त. पृथ्वी तर एकच होती. म्हणजे एकतर योजन वेगवेगळे होते किंवा मापन वेगळे होते, आणि केवळ कोष्टक वाचून यातले कोणते ते ठरवता येत नाही. जवाचा दाणा आणि पृथ्वीचा व्यास यांच्यातला सांधा प्रत्यक्ष मोजून बसवावा लागतो. आधुनिक विज्ञानापुढेही हाच प्रश्न होता, फक्त टोके कितीतरी अधिक लांब गेली होती.

इथे एक शंका रास्तपणे विचारली जाते. मीटर आहे ना, मग खगोलीय एकक, पार्सेक, अँगस्ट्रॉम असले वेगवेगळे संसार हवेतच कशाला? सगळे मीटरमध्ये लिहिले तर रूपांतराचा प्रश्नच उरणार नाही. हे म्हणणे सोपे आहे, पण खगोलातल्या एककांचा जन्म सोयीतून झाला असे समजणे चूक आहे. ती जन्मली कारण मीटरशी सांधा जुळवताच येत नव्हता. केप्लरच्या नियमांनी ग्रहांच्या अंतरांची गुणोत्तरे सतराव्या शतकातच हाती दिली. पृथ्वीचे अंतर एक धरले तर शुक्राचे ०.७२ आणि गुरूचे ५.२. हा नकाशा प्रमाणबद्ध होता, पण त्याच्या कोपऱ्यात ‘एक इंच म्हणजे इतके मैल’ ही ओळ कोरी होती. अशा स्थितीत सूर्याच्या अंतरालाच एकक मानणे हा प्रामाणिकपणा होता. १८३८ साली बेसेलने ६१ सिग्नी या ताऱ्याचा पराशय (पृथ्वीची जागा बदलल्याने ताऱ्याचे दिसणारे सरकणे) मोजला आणि प्रथमच एका ताऱ्याचे अंतर माणसाला सांगता आले, तेव्हाही ते सूर्याच्या अंतराच्या सुमारे साडेसहा लाख पट असेच सांगावे लागले. पार्सेक या एककात तर मोजणीची कृतीच भरलेली आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ज्या ताऱ्याचा पराशय एक विकला भरतो, तो एक पार्सेकवर. पराशय कोनात मोजला जातो आणि कोनाला मीटर लागत नाही. म्हणून ताऱ्यांची अंतरे पार्सेकमध्ये जितकी खात्रीने ठाऊक होती, तितकी किलोमीटरमध्ये नव्हती, आणि मीटरमध्ये लिहिली असती तर सूर्याच्या अंतरातली अनिश्चितता प्रत्येक ताऱ्याच्या आकड्यात विनाकारण शिरली असती.

सूर्याच्या अंतराची ती कोरी ओळ भरण्याचा इतिहास सविस्तर पाहण्यासारखा आहे. १७६१ आणि १७६९ या साली शुक्राची अधिक्रमणे (सूर्यबिंबावरून शुक्राचे सरकणे) पाहण्यासाठी युरोपातून जगभर मोहिमा निघाल्या. फ्रेंच खगोलज्ञ ल जेंती त्यासाठी पाँडिचेरीला पोहोचला होता, आणि ऐन वेळी आभाळ भरून आल्याने दुसरे अधिक्रमणही त्याच्या हातून गेले. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात लघुग्रहांचा आधार घेतला गेला. १९३०-३१ साली एरॉस हा लघुग्रह पृथ्वीच्या जवळून गेला, तेव्हा अनेक देशांतल्या वेधशाळांनी त्याचे वेध घेतले. त्या साऱ्यांची छाननी करून स्पेन्सर जोन्स यांनी १९४१ साली जे उत्तर दिले, ते किलोमीटरमध्ये सुमारे १४ कोटी ९६ लाख ७० हजार येते. १९५० साली ऑयगेन राबे यांनी त्याच एरॉसच्या कक्षेवर पडणाऱ्या गुरुत्वीय ओढीवरून वेगळ्या मार्गाने हिशेब केला, आणि त्यांचे उत्तर आले सुमारे १४ कोटी ९५ लाख ३० हजार. दोघांनीही आपापल्या उत्तरातली संभाव्य चूक सांगितली होती, आणि त्या मर्यादेत राहून दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असणे शक्य नव्हते. मग रडार आले. शुक्रावर रेडिओलहरी सोडायच्या, प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजायचा, आणि प्रकाशाच्या वेगाने गुणून निम्मे करायचे. १९६१ साली गोल्डस्टोनसह अनेक केंद्रांनी हे साधले आणि केप्लरच्या गुणोत्तरांवरून सूर्याच्या अंतराचे उत्तर मिळाले १४ कोटी ९५ लाख ९८ हजार किलोमीटरच्या आसपास. जोन्स यांचा आकडा सुमारे सत्तर हजारांनी जास्त होता, राबे यांचा जवळजवळ तेवढ्यानेच कमी.

या रडारकथेत एक खाचखळगाही आहे. १९५८ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेला शुक्राचा प्रतिध्वनी मिळाल्यासारखे वाटले, आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँकच्या निरीक्षणांनी त्याला दुजोरा दिल्यासारखे झाले. १९६१ची ठळक निरीक्षणे आल्यावर कळले की ते दोन्ही प्रतिध्वनी म्हणजे गोंगाटात दिसलेला भास होता. दोन स्वतंत्र मापने जुळली म्हणजे ती खरीच, असे मानण्याची आपली सवय किती धोक्याची आहे याचे हे उदाहरण आहे. आणि सत्तर हजार किलोमीटरचा फरक सूर्याच्या अंतरापुढे किरकोळ वाटला, तरी व्यवहारात तो किरकोळ नव्हता. शुक्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो तेव्हाही, तेवढ्या चुकीमुळे त्याचे अंतर जवळपास वीस हजार किलोमीटरने चुकते. डिसेंबर १९६२मध्ये मरिनर-२ हे यान शुक्रापासून सुमारे ३५ हजार किलोमीटरवरून गेले. जुन्या आकड्यावर विसंबून अशा यानाचा मार्ग आखणे म्हणजे नेम धरण्याआधीच नेम चुकवणे ठरले असते. खगोलीय एककाचे किलोमीटर करणे हा त्या दिवसांत अभियंत्यांच्या जबाबदारीचा भाग झाला होता.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. अँगस्ट्रॉमला आपण अणूंच्या जगाचे एकक समजतो, पण त्याचा जन्म सूर्यप्रकाशात झाला. स्वीडनमधल्या उप्साला इथे आंदर्स योनास ऑंगस्ट्रॉम सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांचा अभ्यास करत होता. त्याच रेषांवरून त्याने सूर्यात हायड्रोजन असल्याचे दाखवले. १८६८ साली त्याने त्या रेषांच्या तरंगलांबींचा मोठा नकाशा प्रसिद्ध केला आणि आकडे सुटसुटीत यावेत म्हणून मीटरच्या हजार कोटीव्या भागात लिहिले. ज्या मीटरपट्टीशी त्याने तुलना केली होती तिच्यातच अगदी बारीक चूक निघाली, त्यामुळे पुढे सगळा नकाशा दुरुस्त करावा लागला. यातून एक विचित्र परिस्थिती उद्भवली. वर्णरेषांची परस्परांशी तुलना इतकी बारकाईने करता येऊ लागली की पॅरिसमधला धातूचा मीटर त्यापुढे ढोबळ ठरला. मग १९०७ साली अँगस्ट्रॉमची व्याख्या मीटरवरून न करता कॅडमियमच्या लाल रेषेवरून करण्यात आली: तिची तरंगलांबी कोरड्या हवेत, १५ अंश सेल्सिअसला, ६४३८.४६९६ अँगस्ट्रॉम. पुढची ५३ वर्षे अँगस्ट्रॉम आणि मीटर ही दोन स्वतंत्र घराणी होती, आणि एका मीटरात किती अँगस्ट्रॉम हा प्रयोगाने ठरवण्याचा प्रश्न होता. १९६० साली मीटरचीच व्याख्या क्रिप्टॉनच्या एका नारिंगी रेषेच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांबी अशी झाली, तेव्हा हा दुरावा मिटला. ज्या काळात ताऱ्यांची अंतरे किलोमीटरपासून तुटलेली होती, त्याच काळात अणूंची मापे मीटरपासून तुटलेली होती, हे साम्य मला फार महत्त्वाचे वाटते. दोन्हीकडे आतली गुणोत्तरे नेमकी होती. अडचण होती ती माणसाच्या पट्टीशी सांधा जोडण्याची.

क्ष-किरणांच्या बाबतीत तर हा सांधा उघड निखळला. क्ष-किरणांची तरंगलांबी स्फटिकातल्या अणूंच्या थरांवरून मोजतात, म्हणून दोन थरांतले अंतर आधी ठाऊक असावे लागते. मान्ने सीगबान यांनी १९२५च्या सुमारास कॅल्साइटच्या स्फटिकाला आधार मानून ‘क्ष-एकक’ रूढ केले. ते अँगस्ट्रॉमचा बरोबर हजारावा भाग असावे असा हेतू होता. थरांतले अंतर प्रत्यक्ष मोजलेले नव्हते. स्फटिकाची घनता, रेणूचे वस्तुमान आणि अॅव्होगाड्रो संख्या यांवरून ते काढले होते. अॅव्होगाड्रो संख्या आली होती इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावरून, तो भार आला होता मिलिकनच्या तेलथेंबांच्या प्रयोगातून, आणि त्या प्रयोगात हवेच्या श्यानतेचा आकडा लागत होता. तो आकडा किंचित कमी धरला गेला होता. त्यामुळे विद्युतभार सुमारे ०.६ टक्क्यांनी चुकला, अॅव्होगाड्रो संख्या तेवढीच चुकली, आणि लांबी घनमुळाने येत असल्यामुळे थरांतले अंतर ०.२ टक्क्यांनी चुकले. पुढे बारीक समांतर रेघा कोरलेल्या पट्टीवरून क्ष-किरण परावर्तित करून त्यांची तरंगलांबी सरळ मोजता येऊ लागली, तेव्हा दोन्ही उत्तरे जुळेनात. सुरुवातीला लोकांनी नव्या पद्धतीवर संशय घेतला. १९३०च्या दशकात मात्र मान्य करावे लागले की पट्टी बरोबर आहे, हवेची श्यानता चुकली आहे. क्ष-एकक अँगस्ट्रॉमच्या हजाराव्या भागाच्या १.००२ पट निघाले. हीच ०.२ टक्क्यांची चूक सूर्याच्या अंतरात झाली असती तर ती तीन लाख किलोमीटरची झाली असती.

आजची स्थिती यापेक्षा पुष्कळ भक्कम आहे, आणि ती का भक्कम आहे हे सांगणे हाच या लेखाचा मुख्य मुद्दा. १९७३ साली अमेरिकेच्या मानक संस्थेत डेस्लाट्स आणि हेनिन्स यांनी सिलिकॉनचा एक स्फटिक हळूहळू सरकवला आणि तेच सरकणे एकाच वेळी दोन प्रकारे मोजले. एकीकडे क्ष-किरणांनी अणूंचे किती थर ओलांडले ते, दुसरीकडे लेसरच्या प्रकाशाच्या किती तरंगलांबी ओलांडल्या ते. अॅव्होगाड्रो संख्येची उसनवारी संपली. आता सिलिकॉनच्या विशिष्ट थरांतले अंतर १९२.०१५५७१४ पिकोमीटर इतक्या बारकाईने ठाऊक आहे, आणि २०१९पासून अतिसूक्ष्म लांबी मोजताना मीटर प्रत्यक्षात आणण्याचा एक मार्ग म्हणून ते अधिकृतपणे मान्य आहे. दुसरीकडे, १९८३ साली मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून झाली: प्रकाश निर्वातात सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर जातो. आणि सेकंद म्हणजे सीझियम अणूतल्या एका विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने. २०१२ साली बीजिंगच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने खगोलीय एकक नेमके १,४९,५९,७८,७०,७०० मीटर असे ठरवून टाकले. पार्सेक त्यावरून पायच्या (π) मदतीने निघतो, आणि प्रकाशवर्ष ३६५.२५ दिवसांच्या वर्षावरून ९,४६,०७,३०,४७,२५,८०,८०० मीटर येते. म्हणजे ताऱ्याचे अंतर आणि स्फटिकातल्या थरांचे अंतर या दोन्हींच्या मुळाशी आज अणूचा ठोका आणि प्रकाशाचा वेग हीच जोडी आहे. म्हणून हे रूपांतर विश्वासार्ह आहे.

यावर कोणी म्हणेल, मग प्रश्न मिटला. सगळे व्याख्येने ठरले, आता संगणकाला विचारावे. हे अर्धे खरे आहे. एककांमधला गुणक आता व्याख्येने अचूक आहे, पण व्याख्येने वस्तूचे माप कळत नाही. खगोलीय एकक नेमके झाले म्हणून पृथ्वी-सूर्य अंतर नेमके झाले नाही. ते अजूनही मोजावेच लागते, फक्त अनिश्चितता एककातून निघून वस्तूच्या आकड्यात गेली. आणि हे चांगलेच झाले, कारण ती जिथे असायला हवी तिथे गेली. शिवाय दोन्ही टोकांना वस्तूच मुळात धूसर होत जातात. हायड्रोजन अणूच्या बोर त्रिज्येचे माप ०.५२९ अँगस्ट्रॉम आहे, पण दुसरा अणू त्याच्या किती जवळ येऊ शकतो यावरून त्रिज्या काढली तर ती एक अँगस्ट्रॉमहून अधिक येते. अणूला कवच नाही, त्यामुळे ‘आकार’ हा शब्द कोणत्या प्रयोगासाठी वापरला ते सांगावे लागते. प्रोटॉनच्या त्रिज्येचा मान्य आकडा २०१०पर्यंत सुमारे ०.८८ फर्मी होता. त्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये इलेक्ट्रॉनऐवजी म्युऑन असलेल्या हायड्रोजनवर प्रयोग झाला आणि आकडा ०.८४ निघाला. हा तिढा सुटायला वर्षे लागली, आणि नवी मापने बहुतांशी लहान आकड्याच्या बाजूने गेली. वरच्या टोकाला तर अंतर या कल्पनेचेच दोन अर्थ होतात. जीएन-झेड११ या दीर्घिकेचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे १,३४० कोटी वर्षे लागली. पण मधल्या काळात विश्व प्रसरण पावले, म्हणून ती आज जिथे असेल ते अंतर सुमारे ३,२०० कोटी प्रकाशवर्षे भरते. बातमीत यातला कोणताही आकडा छापला जातो. अर्थ न सांगता त्याचे अँगस्ट्रॉम केले तर गणित बरोबर आणि विधान निरर्थक, असे होते.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. दूरच्या दीर्घिकांची माहिती आपल्याला वर्णरेषांतून मिळते. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या क्वेसारच्या, म्हणजे दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राच्या, वर्णपटात हायड्रोजनच्याच ओळखीच्या रेषा हेरल्या, पण प्रत्येक रेषा १.१५८ पट लांबलेली. प्रयोगशाळेत ४८६१ अँगस्ट्रॉमवर असणारी रेषा तिथे ५६३०च्या आसपास होती. त्यावरून तो दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून दूर असल्याचे निघाले. पण तिथला हायड्रोजन आपल्या हायड्रोजनसारखाच आहे याची हमी काय? तिथला अणूच मोठा असेल तर? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण संपूर्ण रूपांतर त्यावर उभे आहे. सुदैवाने तो तपासता येतो. विश्वाच्या प्रसरणाने सगळ्या रेषा एकाच पटीने लांबतात, तर अणूची घडण ज्या स्थिरांकावर अवलंबून आहे तो बदलला तर वेगवेगळ्या रेषा वेगवेगळ्या प्रमाणात सरकतील आणि त्यांच्यातली गुणोत्तरे बिघडतील. दूरच्या क्वेसारांमध्ये ही गुणोत्तरे दहा लाखांत काही भाग इतक्या बारकाईने जशीच्या तशी आढळतात. आफ्रिकेत गॅबॉनमधल्या ओक्लो इथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी आपोआप चाललेल्या युरेनियमच्या अणुभट्टीचे अवशेष आहेत, आणि तेही याच बाजूने साक्ष देतात. बदल आढळल्याचे दावे झाले आहेत. त्यांच्या फेरतपासणीत वर्णपटमापकांच्या तरंगलांबी मोजण्यातल्या सूक्ष्म विकृतीकडे बोट दाखवले गेले. म्हणजे विश्वाच्या स्थिरांकांवरचा वादसुद्धा शेवटी अँगस्ट्रॉम नीट मोजला की नाही यावर येऊन ठेपला.

दोन्ही टोकांची एकके एकत्र ठेवून पाहिली तर काय होते याचा एक हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा. अणुकेंद्राचे प्रभावी क्षेत्रफळ सांगायला भौतिकशास्त्रज्ञ ‘बार्न’ हे एकक वापरतात, शंभर चौरस फर्मी, साधारण युरेनियमच्या केंद्राच्या आडव्या छेदाइतके. दीर्घिकांची अंतरे दहा लाख पार्सेकच्या, म्हणजे मेगापार्सेकच्या भाषेत सांगतात. एक बार्न छेदाची आणि एक मेगापार्सेक लांबीची नळी कल्पिली तर तिच्यात मावेल सुमारे तीन मिलिलिटर, औषधाच्या चमच्यापेक्षाही कमी. विश्वाच्या प्रसरणाचा वेग सांगणाऱ्या हबल स्थिरांकाचे एकक असेच दोन टोकांचे आहे: सेकंदाला किती किलोमीटर, दर मेगापार्सेकमागे. किलोमीटर आणि मेगापार्सेक दोन्ही लांबीच, म्हणून त्या छेदून जातात आणि उरतो केवळ काळ. स्थिरांक ७० धरला तर तो काळ सुमारे १,४०० कोटी वर्षे येतो. १९२९ साली हबलचा आकडा ५००च्या घरात होता, त्यावरून विश्वाचे वय दोनशे कोटी वर्षे निघे आणि पृथ्वीच्या खडकांच्या वयाशी ते जुळेना. मेगापार्सेकचे किलोमीटर करताना कोणी चुकले नव्हते. ज्या ताऱ्यांच्या तेजावरून मेगापार्सेक मोजले, त्या सेफिड ताऱ्यांचे दोन प्रकार एकच समजले गेले होते. १९५२ साली वाल्टर बाडे यांनी ते दाखवले आणि विश्व एका फटक्यात दुप्पट मोठे झाले. आज ६७ आणि ७३ या दोन आकड्यांमध्ये जो वाद चालू आहे, तोही मोजणीच्या दोन साखळ्यांमधला आहे.

दोन्ही टोके एकाच पट्टीने मोजली जातात या विधानाचा सर्वांत भक्कम पुरावा गुरुत्वीय लहरींच्या निरीक्षणात मिळतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाची लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेल्या त्या लहरीने चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये सुमारे ०.००४ फर्मी इतका फरक केला, प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाएवढा. इथे महत्त्वाचे हे की ते अंतर कोणत्याही ताऱ्याच्या तेजावरून काढलेले नाही. लहरीचा आकार सांगतो की स्रोतापाशी ती किती प्रबळ असेल, आणि इथे ती किती क्षीण झाली ते भुजांच्या टोकांवरच्या आरशांच्या हालचालीवरून कळते. दोन्हींवरून अंतर मिळते. म्हणून फर्मीच्या अंशात मोजलेली हालचाल दोन टक्क्यांनी चुकली तर मेगापार्सेकमधले अंतरही दोन टक्क्यांनी चुकते. स्रोताची कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे याची अनिश्चितता आज याहून मोठी आहे हे मान्य, पण घटना वाढतील तशी ती सरासरीत कमी होईल, आरशांच्या मापनातली चूक मात्र प्रत्येक घटनेत तशीच राहील. तिच्यासाठी माहीत असलेल्या शक्तीच्या लेसरने आरशांना हलकासा धक्का देऊन प्रतिसाद तपासतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाची लहर आली आणि तिचा स्रोत एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत सापडला, अंतर सुमारे ४० मेगापार्सेक. त्या एकाच घटनेवरून हबल स्थिरांक ७०च्या आसपास निघाला, मोठ्या अनिश्चिततेसह, पण अंतरांच्या जुन्या शिडीची एकही पायरी न वापरता. अणुकेंद्राच्या मापाचे आणि दीर्घिकांच्या मापाचे रूपांतर इथे एकाच यंत्रात घडते.

अशी एक वेधशाळा मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभी राहत आहे. लायगो-इंडियाला एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अशी यंत्रे पृथ्वीवर एकमेकांपासून जितकी दूर असतील, तितकी आकाशातली दिशा आणि स्रोताचा कल अधिक नेमका कळतो, आणि त्यामुळे अंतरही. म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांकडे आणि ती शिकवणाऱ्यांकडे माझे एक मागणे आहे. एककांच्या तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे एक रकाना वाढवावा आणि तो आकडा व्याख्येने ठरलेला आहे की मोजलेला, आणि मोजलेला असेल तर कोणत्या पद्धतीने व किती अचूक, ते लिहावे. प्रकाशवर्षापुढे ‘व्याख्येने’, बोर त्रिज्येपुढे ‘मोजलेली’, ६१ सिग्नीच्या अंतरापुढे ‘पराशयावरून’. तक्ता एका रकान्याने रुंद होईल, आणि औंढ्याच्या यंत्रावर उद्या काम करू पाहणाऱ्या मुलांना कोणता आकडा तपासून पाहायचा आहे ते शाळेतच कळेल.